एकांडा शिलेदार

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. पुण्याच्या भाचीने काळजीने फोन केला, "मामी, तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत आहे. जे लिहायचं होतं तेच लिहिता येत नव्हतं, एवढंच. विषय आमच्या कुत्र्याचा आहे. खरं म्हणजे कुत्र्याच्या अशा एका अवयवाचा, ज्याचं नाव मी माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही वर्गात उच्चारलं नाही. इथे नातेवाईक वाचतात, व्याही वाचतात... म्हणून तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा पुसलं. आज पुसणार नाही.

शिलेदारला आम्ही डिसेंबर २०१४ मध्ये माळेगावच्या यात्रेतून आणला. नांदेडहून लातूरला जाताना लोहा सोडलं की माळेगाव लागतं. तिथे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार असतो, वाघ्या-मुरळींची गाणी असतात, आणि जिल्हा परिषद अश्व, श्वान, कुक्कुट प्रदर्शनही भरवते. खंडोबाच्या यात्रेत कुत्र्याला मान असायचाच, देवाच्या पायाशीच तो बसलेला असतो. आमच्या ह्यांचं बालपण चाकूर तालुक्यातलं. तिकडे कारवानी कुत्री पाळायची जुनी हौस. जानवळ गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. पळायला लागलं की जमिनीला पाय लागतात की नाही कळत नाही. ह्यांचे चुलते अशी कुत्री घेऊन सशाच्या शिकारीला जायचे. (१९७२ च्या कायद्याने ते बंद झालं, बरंच झालं.) तर निवृत्तीनंतर ह्यांना एक कारवानी हवा होता. दीडदोन महिन्यांचं, मऊ मातीच्या रंगाचं पिल्लू एका माणसाच्या घोंगडीतून बाहेर बघत होतं. ह्यांनी पाय बघितले, छाती बघितली, दात बघितले, पैसे मोजले. ज्या यात्रेत घोडा घेणारा माणूस खाली वाकून दोन्ही आहेत ना हे बघितल्याशिवाय बोली लावत नाही, तिथून आम्ही पिल्लू घेतलं आणि ते मात्र बघितलं नाही.

ते मला दिसलं. अंघोळ घालताना. एक होतं, एक नव्हतं.

आपल्याकडे हे असंच असतं. बाळाला तेल लावणारी, पायावर घेऊन न्हाऊ घालणारी बाई असते तिला सगळं माहीत असतं. बापाला काही माहीत नसतं, आणि ती बाई बापाशी बोलत नाही. मीही बोलले नाही. म्हटलं, लहान आहे, येईल खाली.

नंतर एकदा आम्ही गावी शेतावर गेलो होतो. सालगड्याने पिल्लाला उचललं, उलटं केलं आणि सरळ म्हणाला, "बाई, हे एकांडं हाय की." मी गप्प. आयुष्यभर 'एकांडा शिलेदार' हा वाक्प्रचार मुलांना वाक्यात उपयोग करायला दिला. त्या शब्दाचा असाही उपयोग होतो हे मला साठीनंतर समजलं! हे मात्र खो खो हसले आणि त्याच दिवशी पिल्लाचं नाव शिलेदार ठेवलं. गोष्ट हसण्यावारी गेली की तिच्याबद्दल पुन्हा बोलायला नको, हा आमच्या घरातला जुना नियम आहे.

तो सहा महिन्यांचा झाला तेव्हा लस टोचायला नांदेडातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर माझेच विद्यार्थी. त्यांनी शिलेदारला टेबलावर घेतलं, मांडीच्या सांध्यात बोटांनी बराच वेळ चाचपलं, मग माझ्याकडे बघितलं आणि खाली बघत म्हणाले, "बाई, सरांशी थोडं बोलायचं होतं." मी उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मला कोणी बाहेर काढलं नाही. मीच गेले. दहा मिनिटांनी हे बाहेर आले. "काय म्हणाला?" "काही नाही, असतं म्हणे एखाद्याला तसं." बस्स.

डॉक्टर त्या दहा मिनिटांत काय म्हणाले होते ते मला साडेसात वर्षांनी समजलं. मधल्या काळात काय झालं ते आधी सांगते, कारण ते सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

शिलेदार देखणा झाला. पळायचा असा की फिरायला येणारी माणसं थांबून बघायची. एक आहे की दोन, त्याच्या ऐटीत काही फरक नव्हता. २०१७ मध्ये अहमदपूरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची कारवानी मादी माजावर आली आणि त्याने ह्यांना गळ घातली. शिलेदार दोन दिवस त्याच्या आखाड्यावर राहून आला. पाच पिल्लं झाली. त्या वर्षी येळवस १८ डिसेंबरला होती. (बाहेरच्या वाचकांसाठी: येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर भागात त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. त्या चवीबद्दल पुन्हा कधीतरी.) त्याने आग्रहाने बोलावलं होतं. कडब्याच्या कोपीपाशी बसलो, पिल्लं अंगाखांद्यावर खेळत होती. शिलेदारसारखंच एक मातीच्या रंगाचं पिल्लू मी उचललं. आता माझे डोळे आपोआप तिथे जातात.

एक होतं, एक नव्हतं.

मी ते पिल्लू खाली ठेवलं आणि आणखी थोडी आंबील मागितली.

२०२२ च्या पावसाळ्यात शिलेदारचे केस जायला लागले. दोन्ही कुशींवर, अगदी सारखे, जणू कोणी मापाने काढले. खाज नाही, फोड नाही. आधी वाटलं खरूज असेल, मग वाटलं वय झालं. मग त्याच्या स्तनांच्या गाठी सुजल्या. पाय वर करून मुतणारा कुत्रा मादीसारखा बसून मुतायला लागला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गल्लीतले नर त्याच्या मागे लागले. ज्या रस्त्यावर तो मान वर करून चालायचा त्याच रस्त्यावर शेपूट पायांत घालून ह्यांच्या धोतरामागे लपायचा. पोरं हसायची. एक शेजारीण म्हणाली, "दृष्ट काढा हो, कुत्र्याची कुत्री झाली." ह्यांनी त्याला दिवसा बाहेर नेणं बंद केलं. पहाटे चारला उठून, अंधारात फिरवून आणायचे. पंचाहत्तरीचा माणूस आणि केस गेलेला कुत्रा, दोघंही खाली मान घालून. मी खिडकीतून बघायचे.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पुन्हा ह्यांच्याकडे बघितलं. या वेळी मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "मला सांग. मी तुला शुद्धलेखन शिकवलंय, तू मला हे शिकव." तो बिचारा आधी लाजला, मग फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलायला लागला. चांगला शिकवतो हो!

त्याने सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. नराचे वृषण जन्मापूर्वी पोटात, मूत्रपिंडाच्या जवळ तयार होतात. तिथून त्यांना मांडीच्या सांध्याजवळच्या एका बोळातून खाली पिशवीत उतरायचं असतं, कारण पोटातली ऊब शुक्रजंतूंना सोसत नाही, त्यांना थोडी गार जागा लागते. वाट दाखवायला दोरासारखा एक पट्टा असतो. जॉन हंटर नावाच्या लंडनच्या शल्यवैद्याने १७६२ मध्ये त्याला लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ सुकाणू. (मला हे फार आवडलं. इतक्या लाजिरवाण्या मानलेल्या जागी कोणाला सुकाणू सुचावं!) माणसाच्या बाळात हा प्रवास बहुधा जन्माआधी संपतो. कुत्र्यात तो जन्मानंतर पुरा होतो: तीनचार दिवसांत बोळ ओलांडला जातो आणि पाचसहा आठवड्यांत वृषण पिशवीत येतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला साधारणपणे दोन्ही हाताला लागायला हवेत. सहा महिन्यांपर्यंत आलं नाही तर ते आता येत नाही असं समजायचं. असं अडकणं उजव्या बाजूचं जास्त असतं. शिलेदारचंही उजवंच.

हा कुत्र्यांतला अगदी नेहमी दिसणारा जन्मजात दोष आहे. दोन्ही पोटात राहिले तर कुत्रा वांझ. एक खाली असेल तर पिल्लं होतात, आणि तीच खरी अडचण. कारण दोष रक्तातून पुढे जातो. आईकडूनही जातो, फक्त मादीत तो दिसायला जागा नाही. म्हणून अशा कुत्र्याची पैदास करू नये, नुसतं पोटातलं नव्हे, खालचंही काढून टाकावं, असं शास्त्र सांगतं. आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या जातींच्या नियमांत नराचे दोन्ही वृषण पूर्ण खाली उतरलेले असावेत ही अट छापलेली असते. कोणी डॉक्टर म्हणेल, खाली ओढून शिवून देतो, तर कुत्र्याच्या बाबतीत ती चक्क फसवणूक. दिसायला दोन, पण रक्त तेच.

आणि जे आत राहतं ते गप्प बसत नाही. पोटातल्या वृषणात गाठ होण्याचा धोका कितीतरी पट, साधारण दहा-तेरा पट सांगतात. त्यातली एक गाठ सर्टोली पेशींची. १८६५ मध्ये इटलीच्या सर्टोलीने त्या पेशी दाखवल्या. ही गाठ पुष्कळदा स्त्रीसंप्रेरक तयार करते. केस जातात, स्तन सुजतात, इतर नर मागे लागतात. आपण हसतो ते एवढ्यावरच, पण आत तेच संप्रेरक हाडांतल्या मगजाला मारत असतं, जिथे रक्त तयार होतं. तो टप्पा गाठला की गाठ काढूनही उपयोग होईलच असं नाही.

"हे मी तेव्हा सरांना सांगितलं होतं, बाई," तो म्हणाला. "दोन्ही काढून टाकू म्हटलं होतं. तेव्हा छोटं ऑपरेशन होतं."

हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते. घरी आल्यावर एकच वाक्य बोलले, "वाघासारख्या कुत्र्याला खच्ची करायचं जिवावर आलं." मी भांडले नाही. ज्या माणसाने लहानपणी गोऱ्हे बडवताना बघितले, दोन दगडांत ठेचलेलं, नंतर बर्डिझोच्या चिमट्याने दाबलेलं, त्याला त्या शब्दाने काय होतं ते मला कळतं. आणि मी व्हरांड्यात उभी राहिले नसते तर मी काय म्हटलं असतं, हेही कुठे ठाऊक आहे?

सोनोग्राफीत पोटात मोसंबीएवढी गाठ दिसली. रक्तात हिमोग्लोबिन घसरलेलं, पण अगदी हाताबाहेर नाही. पुढचं उदगीरला करायचं ठरलं, तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अहमदपूर, शिरूर ताजबंद मार्गे भाड्याच्या गाडीत शिलेदारचं डोकं माझ्या मांडीवर. रस्त्यात माळेगाव लागलं तेव्हा ह्यांनी काच खाली करून हात जोडले. मी म्हटलं, देवाला काय म्हणालात? म्हणाले, "त्याला काय म्हणणार, त्याने एक दिलं होतं की. पुढचं आपण बघायचं होतं."

ऑपरेशनच्या वेळी आम्ही बाहेर लिंबाखाली बसलो होतो. कशाकशाचा विचार मनात येत होता. त्यातला एक सांगते. खूप वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी. पळण्यात तालुक्यात पहिला. सैन्यभरतीला गेला, धावण्यात उतरला, छाती भरली, आणि वैद्यकीय तपासणीत बाद झाला. गावात सगळ्यांना तो म्हणाला, डोळ्याचा नंबर निघाला. पुढे लग्नानंतर बायकोला घेऊन एकदा भेटायला आला, तेव्हा ती आत चहा करायला गेल्यावर फार चाचरत त्याने खरं कारण सांगितलं. तेच होतं. डॉक्टरने सांगेपर्यंत त्याला स्वतःला माहीत नव्हतं की आपल्यात काही कमी आहे. त्याच्या आईला असेल. आमच्या लहान शाळेत शास्त्राचा शिक्षक रजेवर गेला की तो तास माझ्याकडे यायचा. शरीराचा 'तो' धडा आला की मी म्हणायचे, हा घरी वाचा. तो त्याच वर्गात होता. आता कळतं की पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत साधारण तिघांना जन्मतः हे असतं. बहुतेकांचं पहिल्या काही महिन्यांत आपोआप खाली येतं. राहिलंच तर दीड वर्षाच्या आत छोटं ऑपरेशन करून खाली आणतात. माणसाच्या बाबतीत खाली आणणं हाच उपाय, फसवणूक नव्हे. घरात तान्हं बाळ असलेल्या सगळ्या सुनांनी आणि जावयांनी हे नीट वाचावं. लाजू नये. डॉक्टरला विचारावं.

डॉक्टरांनी वाट बघताना आणखी एक नवल सांगितलं. श्नॉझर नावाच्या बुटक्या विलायती जातीत काही नरांच्या पोटात चक्क गर्भाशय असतं. गर्भात असताना ते विरून जायला हवं, पण तो निरोप घेणारी जागाच बिघडलेली असते म्हणून ते राहून जातं. वरून पूर्ण नर. त्यातल्या निम्म्यांच्या गोट्याही खाली उतरलेल्या नसतात. त्या निमित्ताने पोट उघडावं तर आत हे. कधी त्या गर्भाशयात पू होतो आणि घरच्यांना कळत नाही, नराला हे काय झालं. आणि काही पिल्लांना लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असतं. मी ऐकत राहिले. देहाच्या कारखान्यात इतक्या जागी चूक होऊ शकते, तर बहुतेकांचं बरोबर होतं हेच आश्चर्य.

गाठ निघाली, पसरलेली नव्हती. खालचं वृषण आक्रसून सुपारीएवढं झालं होतं, तेही काढलं. दिवाळीनंतर शिलेदारच्या कुशीवर लव दिसायला लागली. आणि एक दिवस हे उजाडल्यावर त्याला घेऊन बाहेर पडले.

राहिलं ते अहमदपूरकडचं पिल्लू. ते आता पाच वर्षांचं झालं असणार. २३ डिसेंबर २०२२, येळवस. आम्ही बोलावण्याची वाट न बघता गेलो. त्या मातीच्या रंगाच्या कुत्र्याचं नाव राजा. हुबेहूब बापाचा तोंडवळा. शेतकऱ्याला मी बाजूला घेतलं आणि न चाचरता, वृषण हा शब्द वापरून सगळं सांगितलं. पाठ करून गेले होते. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "बाई, आमाला ठावं हाय की. पिल्लू असतानाच दिसलं. तुमी हातात घेऊन बगितलात आन काय बोलला न्हाईत, म्हनलं बाईस्नी ठीक वाटतंय, तर ठीकच आसंल."

त्यावर काय बोलणार?

राजा किती माद्यांकडे गेला, हे विचारलं. त्याने बोटं मोजली. सात. मी पर्समधून वही काढली आणि गावांची नावं लिहून घेतली. तीन लातूर जिल्ह्यातली, चार नांदेडची. राजाचं ऑपरेशन जानेवारीत झालं. त्याचं अडकलेलं सांध्यापाशीच सापडलं, वाटाण्याएवढं, गाठ नव्हती. आम्ही खर्च देऊ केला, त्याने निम्मा घेतला.

त्या सातांपैकी दोघांचे फोन लागले. एकाने ऐकून घेतलं, एकाने "आमचा कुत्रा चांगला आहे" म्हणून ठेवून दिला. बाकीच्या पाच ठिकाणी आम्ही सवडीने जात राहिलो. शिलेदार आता अकराच्या वर आहे, मागच्या सीटवर झोपून येतो. गेल्या महिन्यात कंधारकडच्या गावी गेलो, वहीतलं शेवटचं. दाराशी तरणी सून आली, कडेवर मूल. म्हणाली, घरातली माणसं रानात गेलीत, सांच्याला येतील, काय काम होतं? हे नेहमीप्रमाणे म्हणाले, "येऊ मग संध्याकाळी."

मी म्हटलं, थांबा. ओट्यावर बसले, तिलाही बसवलं, आणि तिलाच सांगितलं. तिने मूल खाली ठेवलं, गोठ्याकडे जाऊन कुत्रा साखळीने धरून आणला आणि म्हणाली, "दावा, कुटं बगायचं."